परीक्षेचं परिपत्रक: स्कॅन केलेली पीडीएफ की युनिकोड मजकूर?

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर परिपत्रक टाकण्याचा सर्रास चालणारा मार्ग असा: टाइप करा, प्रिंट काढा, सही-शिक्का घ्या, स्कॅन करून पीडीएफ चढवा. दिसायला अस्सल, पण एनव्हीडीएसारख्या, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या लेखी ते नुसतं चित्र. परीक्षा अर्जाची शेवटची तारीख त्यातच असते आणि रीडर एकतर गप्प बसतो, नाहीतर दस्तऐवज रिकामा आहे म्हणतो. चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारं ओसीआर लावता येतं, पण गोल शिक्का नेमका तारखेवर उमटला असेल तर झालंच कल्याण!

दुसरा मार्ग, तोच मजकूर युनिकोड मराठीत, म्हणजे कुठल्याही संगणकाला अक्षरं ओळखता येतील अशा प्रमाण पद्धतीत, थेट वेबपानावर. शीर्षकांना हेडिंगचा टॅग, वेळापत्रकाच्या रकान्यांना नावं, पानाची भाषा मराठी नोंदवलेली. मग अंध विद्यार्थी ‘एच’ कळ दाबत, शीर्षकामागून शीर्षक ओलांडत हव्या त्या भागावर पोचतो. कमी दिसणाऱ्याला अक्षर मोठं करता येतं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करायला हवा, नाहीतर रीडर भलतंच बरळतो.

सही हवीच असेल तर डिजिटल सहीची, मजकूर निवडता येणारी पीडीएफ सोबत जोडा. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सुलभ स्वरूपच मागतो. आणि जादा काम तरी कुठलं? परिपत्रक मुळात संगणकावरच टाइप झालेलं असतं.