नागपंचमीच्या झोक्याचा दोर: नायलॉन की काथ्या?

दुकानात शिरून मी "जाड दोर दाखवा" म्हणाले, तर मालकांनी पहिला प्रश्न केला, "बैल किती, काकू?" बैलांचा सण बेंदूर होऊन दोनेक आठवडे झालेले, कासरे, म्होरक्या आणि रंगीत गोंडे अजून दारात लटकत होते. म्हटलं, "दोन. 7 वर्षांचा खोंड आणि 9 वर्षांची कालवड. दोन्ही सांगलीत विश्रामबागेत फ्लॅटात बांधून असतात." ते हसले आणि नायलॉनच्या बंडलाकडे वळले. मी म्हटलं, तो नको, काथ्याचा द्या.

नायलॉनचा गेल्या वर्षी अनुभव घेतलाय, दुसऱ्या एका दुकानातून आणलेला. दिसायला निळाशार, हलका, पावसात कुजत नाही, सगळं खरं. पण वरची गाठ हळूहळू सरकत गेली आणि अर्ध्या तासात पाट एका बाजूला कलला. नातीनं घाबरून दोर घट्ट धरला, तोही हातातून सरकला आणि तळवे लालबुंद झाले. काथ्या खरखरीत असतो, हाताला टोचतो, पण धरला की धरून राहतो आणि गाठ स्वतःच्या खरखरीतच अडकते. आमच्या लहानपणी बांधावरच्या केकताडाचा, म्हणजे घायपाताचा, वाख काढून दोर वळायचे. तो याहून चिवट होता. आता मागितला तर दुकानदार माझ्याच तोंडाकडे बघतात.

दोर अंगठ्याएवढा जाड घेतला. मालकांनी दोन्ही हात पसरून वावावर मोजला, मग काट्यावर टाकला: 6 वाव, दोन किलोच्या थोडा वर, 310 रुपये. घासाघीस केली नाही, कारण पीळ उलगडून आतला काथ्या त्यांनी स्वतःहून दाखवला. वरून सोनेरी आणि आतून काळपट असला तर भिजलेला माल समजा. हा आतपर्यंत सारखा होता.

पाट मात्र तिथूनच घेतला ही माझी चूक. 180 रुपये, आणि दोर बसायच्या खाचा बोटाच्या पेराएवढ्याही खोल नाहीत. कडा तासलेल्या नव्हत्या. नातीच्या मांडीला कूस गेली, सुईनं काढावी लागली. भावानं कानशीनं खाचा खोल केल्या, मी काचकागद मारला, तेव्हा कुठं बसण्यालायक झाला. लहान मुलांसाठी वस्तू विकताना एवढं तरी बघावं.

खरं तर झोका आमच्या सोसायटीतल्याच कडुलिंबाला बांधायचा होता. पण "झाडाला इजा होते" म्हणून परवानगी मिळाली नाही. त्याच लिंबाच्या दोन फांद्या पार्किंगच्या पत्र्यासाठी उन्हाळ्यात उतरवल्या होत्या, ते सोडा. मग पंचमीला सकाळीच भिलवडीला भावाच्या मळ्यात गेलो. पंचमीला औत धरायचं नाही, जमीन उकरायची नाही, घरात चिरायचं-तळायचं नाही, दिंडं तेवढी उकडायची. त्यामुळं मळ्यात सगळे मोकळेच होते.

झाड चिंचेचं. शेवग्याला आणि जांभळीला झोका कधी बांधू नये, फांदी दिसते जाड आणि मोडते कटकन. चिंच लवते, मोडत नाही. 2019 च्या महापुरात याच फांदीला पाणी टेकलं होतं, उसाचा पाचोळा कितीतरी दिवस तिथं लटकत होता. फांदी 11 फुटांवर. साल सोलू नये आणि दोरही झिजू नये म्हणून आधी रिकामं पोतं गुंडाळलं, त्यावर दोन वेढे, मग निरगाठ. भावाचा पोरांवर जीव. त्यानं आधी पाटावर युरियाची दोन पोती ठेवली, म्हणजे 90 किलो, आणि चांगले दहा झोके दिले. दोर करकरला आणि बसला.

नातू पाटावर बसला आणि म्हणाला, "आजी, बेल्ट कुठाय?"

बेल्ट नाही म्हटल्यावर उतरला. ताई झोके घेत होती तेवढा वेळ चिखलात उकिडवा बसून गोगलगाय कुठं जाते ते बघत राहिला. एक गोगलगाय आघाड्याच्या पानावर चढेपर्यंत बघितली, मध्ये एकदाही मोबाईल मागितला नाही. मग आपणहून आला, दोन्ही हातांनी दोर धरला आणि म्हणाला, "हळू." तिसऱ्या झोक्याला "जोरात" झालं. दुपारपर्यंत चड्डीचा रंग ओळखू येईना. सूनबाईंनी काही बोलायच्या आत त्यांनाच पाटावर बसवलं.

मीही बसले. वजन 68, वय सांगत नाही. भाऊ म्हणाला, "आक्का, युरियापेक्षा हलकी हाईस, बस!" पंचमीची दोन गाणी आठवली, तिसऱ्याचं दुसरं कडवं विसरले.

आता तक्रारी. काथ्याचं कुसळ कपड्यांना चिकटतं, मुलांना फुल पँट घालावी. पहिल्या पावसात दोर फुगला आणि गाठ अशी आवळली की सोडवता येईना. मालक म्हणाले होते पाच वर्षं टिकेल. उघड्या पावसात राहिला तर मला ते पटत नाही, श्रावण संपला की काढून सुकवून ठेवावा. आमचा तर गाठीमुळं अजून झाडावरच आहे. दोराला पाचपैकी चार, पाटाला दीड.

परवा भावाचा फोन आला. शाळा सुटली की वस्तीवरची पोरं येतात, रांग लागते म्हणाला. म्हैस बांधायला दोर हवा होता, पण पोरं सोडू देईनात, म्हणून आणखी 4 वाव घेऊन ये म्हणतोय.