पक्षी आणि कीटक दोन्ही बघणाऱ्याने दुर्बीण कोणती घ्यावी: ८×४२ की पॅपिलिओ?

दुर्बीण घ्यायची म्हटलं की पक्षीवाले डोळे झाकून ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची) सांगतात. फक्त पक्षीच बघणार असाल तर तीच घ्या, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. अडचण होते ती पक्ष्यांइतकेच चतुर, टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद), फुलपाखरं आवडणाऱ्या आणि खिसा एकाच दुर्बिणीचा असलेल्या माणसाची. माझ्याकडे दोन्ही आहेत: एक नेहमीची ८×४२ आणि एक पेंटॅक्सची छोटी पॅपिलिओ, ६.५×२१.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वरला ८×४२ समोर दुसरीचं काही चालत नाही. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेलं हे पाणी अफाट पसरलेलं, पक्षी लांब आणि बघायची खरी वेळ उजाडतानाची. चापडगावच्या मनोऱ्यावरून, हिवाळ्याच्या धुक्यात, मोठ्या भिंगातून थापट्याची फताडी चोच आणि तलवार बदकाची शेपटी वेगवेगळी ओळखू येते. पॅपिलिओतून बदकं आहेत एवढंच कळतं. (थोडं वाढवून सांगतोय, पण फार नाही.) शिवाय ती वॉटरप्रूफ नाही, पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी जवळ हवीच.

पण ऊन चढलं की नांदूरलाही लांबचं चित्र थरथरायला लागतं, आणि काठावरच्या बेशरमीच्या झुडपांवर चतुरांची ये-जा सुरू होते. नाशिकजवळच्याच अंजनेरीच्या पठारावर तर सप्टेंबरात नजर जमिनीवरून वर जातच नाही. इथे ८×४२ ची खोड नडते: सारखं मागे सरकावं लागतं. टाचणी बसलेली असते गुडघ्याजवळच्या गवतावर आणि फोकस व्हायला हवं साधारण दोनेक मीटर अंतर. काही जुन्या मॉडेलना त्याहून जास्त, काही नव्यांना थोडं कमी. पाऊल मागे टाकलं, सावली हलली, टाचणी गेली. बरं, जमलंच फोकस, तरी इतक्या जवळून दोन नळ्यांची दोन चित्रं एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि डोळ्यांना ताण पडतो.

पॅपिलिओ अर्ध्या मीटरवर फोकस होते. जवळचं बघताना तिची पुढची भिंगं आपोआप एकमेकांकडे सरकतात, म्हणून चित्र एकच राहतं. हिशोब करा: दोन मीटरवरून आठपट म्हणजे कीटक पंचवीस सेंटिमीटरवर आणून बघितल्यासारखा, अर्ध्या मीटरवरून साडेसहापट म्हणजे आठेक सेंटिमीटरवर. टाचणीच्या पंखाच्या टोकाजवळचा रंगीत ठिपकासुद्धा सुटत नाही.

माझ्यापुरता निकाल लागला तो सिंगापूरच्या सुंगेई बुलोहमध्ये. खारफुटीतून जाणारी अरुंद लाकडी वाट, बाजूला कठडा, मागून येणारी माणसं, सरकणार कुठे? कठड्यालगतच्या फांदीवर ओंबील, म्हणजे झाडावर घरटं करणाऱ्या लाल मुंग्या, पानं शिवत होते. हो, आपल्या कोकणात आंब्यावर असतात तेच. काही जणांनी दोन पानांच्या कडा ओढून जवळ धरलेल्या आणि एक कामकरी मुंगी जबड्यात मुंग्यांचीच अळी धरून ती धोट्यासारखी या कडेवरून त्या कडेवर नेत होती. रेशमाचा धागा त्या अळीचा. चावे न खाता, अर्ध्या मीटरवरून, तो धागा चिकटताना दिसला. तेवढा वेळ ८×४२ गळ्यात नुसती लोंबत होती. तिथल्या पाइड हॉर्नबिलसाठीही (धनेशाचा एक प्रकार) तिची गरज पडली नाही. एवढा मोठा पक्षी, पॅपिलिओत मावला की पुष्कळ.

तुमचा कल वेगळा असू शकतो. महिन्यातून दोनदा नांदूर गाठणाऱ्याला मी पॅपिलिओ घ्या म्हणणार नाही. पण गंगापूर धरणाच्या काठाने, पांडवलेणीच्या पायथ्याशी किंवा घरामागच्या कढीपत्त्यापाशी रेंगाळणारे असाल, तर माझं माप त्या छोटीकडे झुकतं. आणि ८×४२ च घ्यायची असेल, तर दुकानात उभ्याउभ्या स्वतःच्या बुटाच्या नाडीवर फोकस करून बघा. नाडीची वीण स्पष्ट दिसली नाही, तर दुसरं मॉडेल काढायला सांगा.