रोजचा एक तास की आठवड्याचा एक दिवस?

विदर्भातल्या थंड हवेच्या चिखलदऱ्याहून परतल्यावर चार दिवस मन हलकं राहतं, मग पुन्हा तेच. समुद्रसपाटीपासून 1,100 मीटर उंचीवरची ती हवा घरी आणता येत नाही. पण तिथे आपण पहाटे उठतो, पायी फिरतो, उघड्यावर जेवतो, मोबाईल विसरतो. हे आपल्या गावातही जमतं, आणि त्याचे मला दोन मार्ग दिसतात.

पहिला, रोज पहाटेचा एक तास. कुठलंही काम डोक्यात न घेता धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधाबांधानं चालायचं. खर्च काही नाही, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हाही ही वेळ सुसह्य असते. अडचण एकच: आपलं वावर दिसलं की हात आपोआप तणाकडे जातो. म्हणून वाट बदलून नाल्याकडे किंवा तळ्याकडे जावं.

दुसरा, आठवड्यातून एकदा वावरात जेवण. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वर तूप, वांग्याची भाजी, शेजारीपाजारी, गप्पा. एवढा मोकळेपणा एकट्याच्या फेरीत मिळत नाही, हे खरंच. मात्र कणीक भिजवण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळं घरच्या बाईनंच करायचं असेल, तर तिची सुट्टी कुठली? रोडगे पुरुषांनी भाजावेत, भांडीही त्यांनीच घासावीत. शिवाय पेरणी, डवरणी, कापूस वेचणी लागली की हा बेत पुढे ढकलला जातोच.

माझा कौल पहाटेच्या तासाला. रोडग्यांचा दिवस हिवाळ्यात, दोन वेचण्यांमधल्या उसंतीत ठेवावा.