लिस्बनची छोटी सहल आणि नावेगांत कार्ड: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लिस्बनला दोन-तीन दिवसांसाठी येणारे नातेवाईक आणि मित्र सर्वप्रथम ‘काय काय बघायचं’ असे विचारतात. माझ्या मते ‘कुठून चढायचं आणि कुठे उतरायचं’ हे त्याआधी ठरवायला हवे, कारण हे शहर टेकड्यांवर वसलेले आहे आणि नकाशावर पाच मिनिटांचे दिसणारे अंतर प्रत्यक्षात शंभर पायऱ्यांचे निघू शकते. नोकरीनिमित्त येथे राहायला आल्यापासून मी नावेगांत हे सार्वजनिक वाहतुकीचे कार्ड रोज वापरतो आणि पाहुण्यांनाही तेच घेऊन देतो. त्या वापरातून सहलीच्या आखणीबद्दल माझे जे मत तयार झाले, ते सविस्तर लिहीत आहे.

पाहुण्यांसाठीचे कागदी कार्ड मेट्रो स्थानकातल्या यंत्रातून अर्ध्या युरोला मिळते. ते वर्षभर चालते आणि प्रत्येकाला स्वतंत्र लागते. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. त्यात ‘झॅपिंग’ या पर्यायाने पैसे भरून ठेवले, की मेट्रो, ट्राम, बस, टॅगस नदीपलीकडे जाणाऱ्या बोटी आणि सिंत्रा व कास्काइशच्या लोकल गाड्या या सर्वांसाठी तेच कार्ड टेकवले तरी पुरते. ट्राममध्ये चालकाकडून रोखीने तिकीट घेतल्यास जवळजवळ दुप्पट पैसे जातात, त्यामुळे कार्डाचा अर्धा युरो पहिल्याच प्रवासात वसूल होतो. एक मर्यादा मात्र आधीच माहीत असलेली बरी: या कार्डावर एका वेळी एकाच प्रकारचे तिकीट राहते. झॅपिंगची रक्कम शिल्लक असताना त्यावर 24 तासांचे तिकीट भरता येत नाही. त्यासाठी दुसरे कार्ड घ्यावे लागते. दिवसात साधारण पाचहून जास्त वेळा चढ-उतार होणार असेल तर 24 तासांचे तिकीट परवडते. ते पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून मोजले जाते, म्हणून दुपारी सुरू केलेले तिकीट दुसऱ्या दिवशीच्या सकाळीही उपयोगी पडते.

माझ्याकडे छायाचित्र असलेले वैयक्तिक कार्ड आहे. त्यावरचा मासिक पास फक्त लिस्बन शहरापुरता 30 युरोंना आणि संपूर्ण महानगर प्रदेशासाठी 40 युरोंना मिळतो. 2019 मध्ये ही सुटसुटीत रचना आली आणि नियमित प्रवाशाला याहून स्वस्त काही हवे असे मला कधी वाटले नाही. मात्र हा पास कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे चालतो. वीस तारखेला घेतला तरी तो महिनाअखेरीस संपतो. त्यामुळे छोट्या सहलीसाठी त्याचा विचारच करू नये.

आता चढांबद्दल. खालच्या बायशा भागातून वरच्या शियाडो चौकात जायचे असेल तर बायशा-शियाडो मेट्रो स्थानकात रुआ दु क्रुसिफिशुच्या बाजूने शिरावे आणि सरकत्या जिन्यांनी थेट चौकात बाहेर पडावे. हे जिने तिकिटाच्या फाटकांबाहेर असल्यामुळे कार्ड टेकवावेही लागत नाही. टेकडीवरच्या सांव जॉर्ज किल्ल्याच्या दिशेने जाताना रुआ दुश फांकेरुशवर एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे. ती मोफत आहे आणि वर रुआ दा मादालेनावर सोडते. तेथून थोडे चालले की सुपरमार्केटच्या इमारतीतली दुसरी लिफ्ट लागते, आणि ती चढाचा पुढचा मोठा टप्पा वाचवते. माझ्या आईचे गुडघे दुखतात. तिने हा रस्ता न थांबता पार केला, तेव्हापासून प्रत्येक ज्येष्ठ पाहुण्याला मी याच वाटेने नेतो. ज्यांना एवढेही चालणे नको, त्यांच्यासाठी फिगेरा चौकातून 737 क्रमांकाची छोटी बस किल्ल्यापर्यंत जाते. सांता जुस्टा ही 1902 सालची लोखंडी लिफ्ट सुंदर आहे, पण तिच्या रांगेत सकाळ घालवू नये. तिच्या वरच्या पुलावर कार्मो चौकातून चालत जाता येते, आणि तिथेच 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात छत कोसळलेले कार्मोचे चर्च आहे. उघड्या आकाशाखाली उभ्या असलेल्या त्याच्या कमानी पाहिल्यावर खाली बायशाचे सरळ रेषेतले रस्ते भूकंपानंतर नव्याने का आखावे लागले, हे आपोआप उमगते.

सप्टेंबर 2025 मध्ये ग्लोरिया मार्गावरच्या फ्युनिक्युलरचा (तीव्र चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीचा) अपघात होऊन 16 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर शहरातल्या इतर फ्युनिक्युलरही तपासणीसाठी थांबवण्यात आल्या, म्हणून दिवसाची आखणी त्यांच्या भरवशावर करू नये.

28 क्रमांकाची ट्राम सर्वांनाच हवी असते. ती मार्तिम मोनीझहून सकाळी लवकर पकडावी; दुपारी तिच्यात उभे राहण्यापुरतीही जागा मिळणे कठीण असते आणि खिसेकापूंची भीती खरी आहे. अल्फामा या जुन्या वस्तीतून जाणारी 12 क्रमांकाची ट्रामही तशाच अरुंद वळणांवरून जाते आणि तिला गर्दी कमी असते.

बेलेम भागासाठी सोमवार टाळावा, कारण जेरोनिमुश मठ त्या दिवशी बंद असतो. काइश दु सोद्रे स्थानकाहून 15 क्रमांकाची ट्राम किंवा लोकल यांपैकी मी नेहमी लोकल निवडतो. मराठी आणि गोव्याच्या वाचकाने मठाच्या चर्चमध्ये थोडा वेळ जरूर काढावा. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीनला मरण पावला. त्याचे अवशेष 1880 मध्ये येथे आणले गेले. मसाल्यांसह आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून हा मठ उभा राहिला, त्यामुळे दगडांतली जहाजे आणि दोरखंडांची नक्षी पाहताना त्या संपत्तीचा काही वाटा आपल्याच किनाऱ्यावरून येथे आला होता याचा विसर पडू नये. गोव्याशी असलेले हे नाते साध्या उपाहारगृहांतही भेटते: काचेच्या कपाटात अंड्याच्या पेस्ट्रीशेजारी त्रिकोणी ‘शामुसा’ ठेवलेला असतो.

‘लिश्बोआ कार्ड’ हे पर्यटकांचे कार्ड मठासह अनेक संग्रहालयांचा प्रवेश आणि वाहतूक एकत्र देते. दिवसभरात दोन-तीन सशुल्क ठिकाणे खरोखर पाहणार असाल तरच ते घ्यावे. नदीकाठी आणि गल्ल्यांतून फिरायला आलेल्याला झॅपिंग पुरेसे आहे. काइश दु सोद्रेहून नदीपलीकडच्या कासिल्याशला जाणारी बोट संध्याकाळी अवश्य घ्यावी. पाण्यावरून सबंध शहराच्या टेकड्या एका नजरेत येतात.

राहण्याच्या खर्चात प्रत्येकी प्रतिरात्र 4 युरो पर्यटन कर धरावा. पावसात येथले चुनखडीचे गुळगुळीत पदपथ घसरडे होतात, तेव्हा जाड रबरी तळव्यांचे बूट आणावेत. विमानतळावरून लाल मार्गाची मेट्रो थेट शहरात येते, पण ती सकाळी साडेसहा ते रात्री एक एवढ्याच वेळेत चालते. पहाटेचे विमान असेल तर टॅक्सी आदल्या रात्रीच ठरवून ठेवावी.