सहा वर्षे वापरलेला ई-रीडर आणि टक्केवारीचा जाच

सहा इंची पडद्याचा हा ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तके वाचण्याचे यंत्र, मी सहा वर्षांपूर्वी घेतला, तेव्हा साहित्यावरचा माझा प्रबंध अर्ध्यावर सुटलेला होता, शिकवण्याची नोकरी मिळेल ही आशा संपत आलेली होती आणि दिवसाचे आठ तास मी इतरांनी भरलेल्या अर्जांतील चुका शोधण्याचे काम करत होते. ते काम मी आजही करते. हा तपशील यंत्राच्या परीक्षणात कशाला, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ई-रीडरविषयी जे काही लिहिले जाते त्यात पान किती झटकन उलटते आणि बॅटरी किती दिवस टिकते याचीच चर्चा असते, आणि मला त्याची पारख वेगळ्या कसाला लावून करायची आहे. मनासारखे न झालेले आयुष्य ज्या वाचनाच्या आधाराने उभे आहे, त्या वाचनाला हे यंत्र हातभार लावते की त्यातही लुडबुड करते, एवढेच मला पाहायचे आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या गुणदोषांविषयी मला बोलायचे आहे ते कमीअधिक प्रमाणात या जातीच्या बहुतेक यंत्रांत आढळतात.

प्रथम पडद्याविषयी, कारण सारी मेख तिथेच आहे. ई-शाईच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण विरुद्ध विद्युतभार घेऊन तरंगत असतात, आणि विजेच्या इशाऱ्यानुसार यांपैकी काही वर येतात, काही तळाशी जातात. एकदा पान उमटले की ते तसेच ठेवण्यासाठी वीज लागत नाही. ती लागते फक्त पान बदलताना. म्हणूनच बॅटरी काही आठवडे पुरते. शिवाय हा पडदा कागदाप्रमाणे आपल्यावर पडलेला उजेड परतवतो, म्हणून तो फोनप्रमाणे डोळ्यांवर उजेड फेकत नाही. आतले दिवे पडद्याच्या कडेला असतात आणि त्यांचा उजेड पृष्ठभागावरून पसरतो. या तंत्रावर काम करणारी ई इंक ही कंपनी 1997 मध्ये स्थापन झाली आणि ई-शाईचा पहिला ई-रीडर 2004 मध्ये सोनीने बाजारात आणला, तरी हे तंत्र अजून संथच आहे. पान उलटले की क्षणभर पडदा मिटल्यासारखा होतो, आणि कधीकधी आधीच्या पानाची पुसट सावली नव्या पानाखाली रेंगाळत राहते. परीक्षक याला दोष मानतात. मला त्याचा त्रास होत नाही. उलट या संथपणामुळेच या यंत्रावर पुस्तक सोडून दुसरे काही करावेसे वाटत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण मानायला हवा.

आता आधाराविषयी. निराश माणसाला पुस्तके विसर पाडतात, त्याला दुसऱ्या जगात नेतात, असे सर्रास म्हटले जाते. माझा अनुभव तसा नाही, आणि योगायोगाने त्याचा पुरावा याच यंत्रात साठलेला आहे. आपण अधोरेखित केलेल्या प्रत्येक वाक्याची हे यंत्र तारीख-वेळेसह नोंद ठेवते आणि त्या साऱ्या नोंदी एका साध्या फाइलमध्ये जमा होतात. गेल्या वर्षी मी ती फाइल पहिल्यांदाच सलग वाचली. शिकवण्याच्या ज्या जागेसाठी मी तीन वर्षे थांबले होते ती दुसऱ्या कोणाला मिळाल्याचे ज्या दिवशी कळले, तो दिवस मला तारखेसकट आठवतो, म्हणून मी नेमक्या त्याच दिवसाच्या नोंदी शोधल्या. त्या रात्री मी चार वाक्ये अधोरेखित केली होती. त्यांत धीर देणारे, अपयशाचा अर्थ लावून देणारे एकही वाक्य नव्हते. एक होते पावसात भिजलेल्या लाकडी फाटकाविषयीचे, दुसरे एका म्हाताऱ्या बाईच्या हातमोज्याविषयीचे, आणि उरलेल्या दोन्हींत नदीवरचे धुके होते. ती वाक्ये मी इतक्या उशिरा, एकच्या सुमाराला, कशासाठी टिपून ठेवली असतील, याचा मी बराच विचार केला. मला वाटते, त्या दिवशी माझे सारे लक्ष स्वतःवरच खिळलेले होते, आणि कोणीतरी फाटकाकडे इतके नीट पाहिले होते की मलाही ते पाहावे लागले. ती जागा गेलीच होती, ती परत आली नाही. पण दहा मिनिटे मी माझ्या प्रकरणाची फिर्यादी नव्हते.

यातून मी जो निष्कर्ष काढते तो लहान आहे. साहित्य निराशा घालवत नाही. ती निराशा कोणत्या जातीची आहे हे मात्र ते अचूक सांगते, आणि नेमके नाव मिळाले की तिचा आवाका कळतो. ज्या मैत्रिणीला ती जागा मिळाली तिच्याविषयी मला वाटत होते तो मत्सर होता. मी त्याला बरेच दिवस तत्त्वाचा प्रश्न म्हणत होते. एका कादंबरीतल्या बहिणीने दुसरीच्या लग्नात केलेले अतिउत्साही कौतुक वाचताना मला माझाच आवाज ऐकू आला, आणि त्या रात्रीनंतर मी मैत्रिणीशी पुन्हा सरळ बोलू लागले. ही काही मोठी सुधारणा नाही, परंतु नाते टिकले.

इथेच यंत्राविषयीची माझी सर्वांत मोठी तक्रार येते. पडद्याच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, पुस्तक किती टक्के वाचून झाले ते सतत दिसत राहते. त्याच्या शेजारी, तुमच्या वाचनाच्या वेगावरून हिशेब करून, प्रकरण संपायला किती मिनिटे लागतील हेही यंत्र सांगते. सलग किती दिवस वाचन झाले याची एक साखळीही आहे, आणि एक दिवस चुकला की ती शून्यावर येते. ज्या माणसाचे आयुष्य मोजमापात कमी भरले आहे, त्याच्या दृष्टीने वाचन ही बहुधा एकमेव जागा असते जिथे मागे पडणे संभवतच नाही. जे पुस्तक एखाद्याला चार दिवस पुरते ते मला चार महिने पुरले तरी मी हरत नाही. त्या जागेत ऑफिसातला तक्ता आणून टांगण्याची बुद्धी ज्याला कोणाला सुचली, त्याने स्वतः किती वाचले आहे याची मला शंका येते. साखळी तुटू नये म्हणून मी एका रात्री झोपेत पाने उलटली, हे लिहिताना लाज वाटते. हे सारे आकडे बंद करता येतात, पण त्यासाठी तीन वेगवेगळ्या ठिकाणी जावे लागते, आणि एका अद्ययावतीकरणानंतर ते आपोआप पुन्हा सुरू झाले होते. यंत्र घेतल्या दिवशीच हे काम उरकून टाकावे.

याउलट जिथे यंत्राने माझी पाठराखण केली तो प्रसंग रुग्णालयातला आहे. आईच्या आजारपणात अकरा रात्री मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढल्या. दहानंतर तिथले दिवे मालवले जात, कागदी पुस्तक वाचणे अशक्य होई, आणि फोन उघडला की नातेवाइकांच्या चौकशांना उत्तरे देत बसावे लागे. ई-रीडरचा उजेड अगदी खालच्या पायरीवर, पिवळसर छटेत ठेवला तर शेजारच्या बाकावरच्या माणसाची झोप मोडत नाही. वजन दोनशे ग्रॅमच्या आत असल्याने एका हाताने आईचे पांघरूण सावरता येत होते आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान उलटता येत होते. तिथे मी रशियन लेखक चेकॉव्हची 1886 मधली, मुलगा गेलेल्या गाडीवानाची कथा पुन्हा वाचली. आपले दुःख कोणाला तरी सांगावे म्हणून तो संध्याकाळभर गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे पाहतो, कोणी ऐकून घेत नाही, आणि शेवटी तो ते आपल्या घोड्याला सांगतो. महाविद्यालयात या कथेवर मी निबंध लिहिला होता आणि तिला रचनेचा उत्तम नमुना म्हटले होते. त्या बाकावर मला एवढेच जाणवले की समोरच्या बाकावरचा माणूस तीन रात्री माझ्याकडे पाहून काहीतरी बोलायचे थांबवत होता. मी यंत्र मिटले आणि त्याला विचारले. तो पहाटे चारपर्यंत बोलला.

अशा जुन्या पुस्तकांसाठी खर्चही करावा लागत नाही, कारण त्यांच्या स्वामित्वहक्काची मुदत संपलेली आहे. मायकेल हार्ट यांनी 1971 मध्ये सुरू केलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आज सत्तर हजारांहून अधिक पुस्तके मोफत आहेत, आणि ती सरळ यंत्रात उतरवून घेता येतात. हाती फारसे काही न लागलेल्या माणसाला इतके मोठे वतन क्वचितच मिळते. मात्र यांतील बहुसंख्य पुस्तके इंग्रजीत आहेत, आणि मराठीकडे वळलो की घोडे पेंड खाते. जुनी मराठी पुस्तके प्रामुख्याने पानांची छायाचित्रे असलेल्या पीडीएफच्या रूपात मिळतात. त्या फाइलमधली अक्षरे पडद्याच्या मापाने पुन्हा मांडली जात नाहीत, त्यामुळे सहा इंचांवर ती मुंग्यांसारखी दिसतात. यंत्र आडवे धरून अर्धे-अर्धे पान वाचणे हाच त्यातल्या त्यात सुसह्य उपाय आहे.

ईपब, म्हणजे पडद्याच्या मापाने अक्षरे पुन्हा मांडणाऱ्या फाइलच्या स्वरूपातली मराठी पुस्तके चांगली उमटतात, पण तिथेही डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. एका कादंबरीच्या ढिसाळ रूपांतरात 'ऱ्या' आणि 'र्या' यांतला भेद पुसला गेला होता, त्यामुळे नायक डोंगर उतरताना 'दोन्ही बाजूंना खोल दर्या' पाहत होता, आणि दऱ्यांचा समुद्र झाल्याचे ध्यानात येईपर्यंत मी त्या दृश्यात भलत्याच प्रतिमा शोधत बसले. अक्षर मोठे केले की दोन्ही कडा समान ठेवण्याच्या नादात लांब मराठी शब्दांमध्ये मोठाल्या फटी पडतात. ओळी डाव्या बाजूने लावण्याचा पर्याय निवडला की हा दोष जातो. शब्दकोशाची स्थिती याहून वाईट आहे. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश मी स्वतः यंत्रात घातला, परंतु यंत्राला सामान्यरूप कळत नाही: 'घोडा' या शब्दावर बोट ठेवले तर अर्थ येतो, 'घोड्याला' यावर ठेवले तर असा शब्दच नाही असे उत्तर मिळते. मराठीत प्रत्यय न लागलेला शब्द वाक्यात किती वेळा सापडतो, याचा विचार करता हा कोश जवळजवळ शोभेचाच ठरतो.

मालकीविषयी एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. दुकानातून घेतलेले ई-पुस्तक बहुतेक वेळा आपल्या मालकीचे होत नाही, आपल्याला ते वाचण्याचा परवाना मिळतो. 2009 च्या जुलैमध्ये अॅमेझॉनने ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती हक्कांच्या गोंधळामुळे वाचकांच्या किंडल या ई-रीडरवरून परस्पर काढून टाकल्या आणि नंतर कंपनीच्या प्रमुखांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. प्रतींबरोबर काहींची टिपणेही निकामी झाली, हे मला अधिक लागते. ज्याच्यापाशी सांगण्यासारखी पदे नाहीत, त्याच्यापाशी समासातल्या नोंदी असतात. म्हणून मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या नोंदींची फाइल संगणकावर उतरवून घेते. केबल जोडण्यापासून बंद करण्यापर्यंत या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत.

निराश वाचकांना फर्नांदो पेसोआची गोष्ट फार आवडते, आणि मीही तिला अपवाद नव्हते. व्यापारी पेढ्यांची परदेशी पत्रे लिहून देत लिस्बनमध्ये दिवस काढणारा हा कवी 1935 मध्ये वारला, त्याच्या मागे एका पेटीत पंचवीस हजारांहून अधिक कागद निघाले, आणि आज ज्या गद्यग्रंथासाठी तो जगभर वाचला जातो तो 1982 मध्ये, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनी छापला गेला. आपलीही एखादी पेटी निघेल, ही कल्पना मला बरीच वर्षे पुरली. यंत्रातल्या नोंदींची फाइल वाचल्यावर ती सुटली, कारण तिच्यातले एकही वाक्य माझे नव्हते आणि तरीही ती फाइल मला परकी वाटली नाही.

तेव्हा हे यंत्र घ्यावे का? पडदा, वजन, रात्रीचा उजेड आणि जुन्या पुस्तकांची उपलब्धता या चार गोष्टींसाठी मी ते निःसंकोच सुचवीन. मुख्यतः मराठी वाचणाऱ्याने सहाऐवजी दहा इंची पडदा घ्यावा, पीडीएफसाठी तो सोसवतो; मात्र मग ते एका हातात मावत नाही आणि रुग्णालयाच्या बाकावर त्याचा उपयोग निम्मा होतो. ज्याच्याकडे कागदी पुस्तकांना जागा आहे आणि दिवसा वाचायला वेळ आहे, त्याला याची गरज नाही. माझ्या यंत्राची बॅटरी आता चार आठवड्यांऐवजी नऊ दिवस टिकते आणि उजव्या कडेच्या दिव्याची एक पट्टी मंद झाली आहे. ते पुरते बंद पडले की मी याच मापाचे दुसरे घेईन, आणि खोक्यातून काढल्याबरोबर आधी डाव्या कोपऱ्यातली टक्केवारी बंद करीन.