पोराच्या शुद्धलेखनासाठी व्हाइटबोर्ड घेतला, सात महिन्यांनंतर

आमचं गाव अकोट तालुक्यात, पोरगा चौथीत. जुलैत बाजारातून दोन फुटी व्हाइटबोर्ड आणला अन् सैपाकघराच्या दाराला टांगला, कारण वहीत एकेक शब्द दहादा लिहून काही होत नव्हतं, वहीत बरोबर अन् निबंधात पुन्हा तेच. बोर्डवर फक्त कामाचं लिहायचं ठरवलं, किराण्याची यादी, वेचणीच्या बायांची नावं, कोणाचा कापूस किती किलो.

पहिली यादी निघाली 'तुरीची दाय, गुय, मिठ'. दुकानदाराले सगळं समजलं हा भाग वेगळा. तेव्हा कळलं की पोरगं आळशी नाही, कानाला येते तसं लिहिते, घरी आपण सगळेच डोळा, केळी, पाणी याले डोया, केयी, पानी म्हणतो. आजी तर म्हणे, दाय मनलं तं शिजत नाही काय! मग बोलणं सुधारायच्या भानगडीत पडलेच नाही, लिहिताना फक्त विचारायचं, इथे ळ तर नाही? आठवडाभर गडी 'गाळीचं दूध' लिहीत होता. पण दिवाळीपर्यंत ळ अन् ण बरेच जमले.

ह्रस्व-दीर्घ मात्र डब्यांनी शिकवलं. मीठ, तीळ, गूळ, पीठ, तूर अशा चिठ्ठ्या त्यानेच लावल्या, मग मी विचारायचे चमचा कशात, तर मिठात, तिळात, गुळात, पिठात. नुसता शब्द दीर्घ, प्रत्यय लागला की ह्रस्व. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 1962 चे 14 नियम अन् 1972 चे 4, असे 18 आहेत, पोरासमोर सगळे मांडू नका, आमच्याकडे हा एकच सगळ्यात जास्त कामी आला. फक्त हुरूप येऊन तो 'गूण' अन् 'सूख' पण लिहायला लागला, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द वेगळे हे नंतर सांगावं लागलं.

वैताग म्हणजे मार्कर, टोपण उघडं राहिलं की गेला. अन् पुसलं की जुन्या चुका दिसत नाहीत म्हणून मी रविवारी फोटो काढते. मोबाईलवर टाइप करून पाहिलं होतं, पण तो वर सुचवलेला शब्द नुसता दाबतो, लक्षात काही राहत नाही.

आता वेचणी आटोपली तर बोर्डवर शेतातल्या मोटरच्या लाइनचं (विजेचं) टाइमटेबल लिहितो, त्यात 'रात्री'ची अजून कधी कधी 'रात्रि' होते.