गेम दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले: काही महिन्यांच्या वापरानंतर

२५६ जीबीची एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) सी म्हणून आणि १ टीबीची हार्ड डिस्क डी म्हणून, अशी जोडी अजून कित्येक घरच्या डेस्कटॉपांत आहे. माझ्याकडेही तीच. विंडोज आणि दोन मोठे गेम टाकले की सीची पट्टी लाल, आणि डीवर टाकावं तर लोडिंग होईपर्यंत चहा पिऊन होतो. रेड डेड रिडेम्प्शन २ एकटाच १५० जीबी मागतो. सायबरपंक २०७७ च्या किमान गरजांतून तर २०२३ मध्ये हार्ड डिस्क बादच झाली. म्हणून १ टीबीची साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची, बसवली, तिला जी हे अक्षर दिलं आणि गेम तिकडे नेले.

हलवणं सोपं आहे. गेम विकत घेऊन उतरवायच्या स्टीम या अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज, तिथे नवा ड्राइव्ह जोडा, गेमवर टिक करा, मूव्ह दाबा. हाताने कट-पेस्ट करायच्या भानगडीत पडू नका. गेमच्या फोल्डरबरोबर स्टीमअ‍ॅप्स फोल्डरमधली एक चिमुकली एसीएफ फाइलही, म्हणजे त्या गेमची नोंद, जावी लागते. ती मागे राहिली तर स्टीमच्या लेखी गेम नव्या जागी नाहीच. वेळ खाते ती जुनी डिस्क. सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी धरले तरी १५० जीबीला वीस-पंचवीस मिनिटं, तीही फाइली मोठ्या असतील तर. हजारो बारीक फाइलींचा गेम रखडत जातो. आणि पावसाळ्यात लाइटचा काही नेम नाही, तेव्हा इन्व्हर्टर चालू आहे का ते आधी बघा.

एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) वाढेल ही आशा सोडा, ते काम ग्राफिक्स कार्डाचं. फरक पडतो तो लोडिंगमध्ये, आणि मोकळ्या जगात गाडी सुसाट सोडल्यावर समोरच्या इमारती लापशीसारख्या दिसायच्या त्या आता वेळेत उमटतात. साटाचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडतो, थेट मदरबोर्डवर बसणारी एनव्हीएमई एसएसडी त्याच्या कितीतरी पुढे. पण हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला साटाही पुष्कळ झाली.

खरी गोची पुढे आहे. गेम गेला तरी त्याचा संसार सीवरच राहतो. युरो ट्रक सिम्युलेटर २ चंच घ्या. गेमच्या फाइली जीवर गेल्या, पण प्रोफाइल (आपली प्रगती) आणि मॉड (इतरांनी बनवलेल्या जोडफाइली) डॉक्युमेंट्समध्येच. आपल्याकडचे एसटी आणि व्होल्वोचे मॉड गोळा करणाऱ्यांना सांगायला नको, ते फोल्डर किती फुगतं! बाकीच्या गेमांचे सेव्ह कधी डॉक्युमेंट्समध्ये, कधी अ‍ॅपडेटामध्ये, आणि अ‍ॅपडेटा मुळात लपवलेलं असतं.

यावर जंक्शन हा उपाय, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्या फोल्डरकडे नेणारी पाटी. गेम बंद करून अख्खं फोल्डर जीवर हलवायचं आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये एमकेलिंक, स्लॅश जे, मग जुना पत्ता, मग नवा. क्रम हाच. जुन्या जागी त्या नावाचं फोल्डर शिल्लक असेल तर आज्ञा चालत नाही. नवा ड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असू द्या. गेमला वाटतं आपण जुन्याच घरी आहोत. डॉक्युमेंट्स वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला जोडलेलं असेल तर मात्र हा खेळ नको. ते आधी सोडवून घ्या.

याचं मोल कळलं ते मध्यंतरी विंडोज नव्याने टाकलं तेव्हा. सी पूर्ण पुसला. स्टीम बसवलं, स्टोरेजमध्ये जी जोडला, आणि सगळे गेम जागच्या जागी हजर. डाउनलोड शून्य. पहिल्यांदा चालू करताना गेमांना लागणारं डायरेक्टएक्स वगैरे पुन्हा बसलं, तेवढंच. ट्रकचं प्रोफाइलही जीवर सुखरूप होतं, जंक्शन परत जोडलं की झालं. ज्या गेमांचे सेव्ह सीवर होते आणि क्लाउडची सोय नव्हती, ते आधी कॉपी करून ठेवले होते.

एसएसडी काठोकाठ मात्र भरू नका. मोठा अपडेट आला की स्टीमला फाइली जुळवायला त्याच ड्राइव्हवर जागा लागते, आणि छोट्याशा पॅचसाठीही कधीकधी बरीच. शंभरेक जीबी मी मोकळे सोडतो. एज ऑफ एम्पायर्ससारखे जुने गेम डीवरच ठेवलेत, त्यांची काही तक्रार नाही.